शब्दचर्चा: 'व्हेसिकल'ला पुटिका, मग 'पेलेट'ला काय?

ऐरोलीकर:
पेशीबाह्य पुटिकांवरच्या (एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल, म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या सूक्ष्म पिशव्या) प्रयोगशाळा-तंत्रांची मराठी हस्तपुस्तिका लिहायला घेतली आहे. वाचक म्हणजे महापे-रबाळेच्या प्रयोगशाळांत किंवा खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कर्करोग संशोधन संस्थेत काम करू पाहणारी बीएस्सी-एमएस्सीची मुलं. अडलेले शब्द असे: पेलेट, सुपरनेटंट, बॅलन्स ट्यूब, फ्रॅक्शन, ॲलिक्वॉट. शिवाय 'पुटिका' बरोबर आहे ना? की सरळ 'एक्सोसोम' लिहावं? तो शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे.

खारघरकर:
पुटिका उत्तम. पुट म्हणजे पोकळी, घडी, पानाचा द्रोण. 'बुडबुडा' नको, कारण आत हवा नाही, द्रव आहे. 'पुटकुळी' त्वचारोगवाल्यांकडे राहू द्या. 'बाह्यपेशीय'पेक्षा 'पेशीबाह्य' बरं. पहिल्या शब्दाने बाहेरच्या बाजूची पेशी असा भास होतो.

'एक्सोसोम' मात्र सरसकट लिहू नका. १९८७ मध्ये रोझ जॉनस्टोन यांच्या गटाने तो शब्द रूढ केला. आज तो पेशीच्या आत, एंडोसोम नावाच्या कप्प्यात तयार होऊन बाहेर पडणाऱ्या पुटिकांपुरताच धरतात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर तुमच्या नळीच्या तळाशी त्यांच्यासोबत पेशीच्या बाहेरच्या पटलापासून सुटलेल्याही असतात, आणि आकारावरून दोन्ही ओळखता येत नाहीत. म्हणून मायसेव्हच्या (या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संशोधक-संघटनेच्या) २०१८ आणि २०२३ च्या मार्गदर्शक सूचना उगम सिद्ध केला नसेल तर साधं 'पेशीबाह्य पुटिका' म्हणायला सांगतात. २०० नॅनोमीटरहून लहान असतील तर 'लहान पुटिका' म्हणा.

जाता जाता, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वाळवलेल्या नमुन्यात पुटिका खरंच द्रोणासारख्या दिसतात. पण तो वाळण्याचा परिणाम आहे. क्रायो पद्धतीने गोठवून पाहिल्या तर त्या गोल असतात. 'द्रोणाकार दिसल्या म्हणजे एक्सोसोम' असं पुस्तिकेत चुकूनही येऊ देऊ नका.

कळवेकर:
पेलेट म्हणजे साका, सुपरनेटंट म्हणजे निवळ. कुरडयांचा चीक काढणाऱ्या कुठल्याही घरात दोन्ही शब्द समजतील. फरक एवढाच की कुरडयांत निवळ नेहमी ओतून द्यायची असते, इथे ठेवायचं काय ते पायरीगणिक बदलतं ('जी' म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर):

३०० जी, १० मिनिटं: साक्यात पेशी. निवळ ठेवा.
२,००० जी, २० मिनिटं: मेलेल्या पेशी, मोठे तुकडे. निवळ ठेवा.
१०,००० जी, ३० मिनिटं: मोठ्या पुटिका. निवळ ठेवा.
१,००,००० जी, ७० मिनिटं: आता साका ठेवा. फॉस्फेट बफरने धुऊन तेवढाच वेळ पुन्हा फिरवा.

नवशिक्या हातून शेवटच्या पायरीला सवयीने साकाच टाकला जातो. म्हणून प्रत्येक ओळीत 'काय ठेवायचं' हे ठळक छापा. शेवटचा साका बहुधा डोळ्याला दिसतही नाही. तिरक्या रोटरमध्ये (रोटर म्हणजे नळ्या धरून फिरणारा भाग) तो तळाजवळ, बाहेरच्या भिंतीला चिकटतो, तेव्हा फिरवण्याआधीच त्या बाजूला पेनाने खूण करायची.

आणि साका 'विरघळवा' लिहू नका. तो विरघळत नाही, पुटिका फक्त सुट्या होतात. 'कालवा' लिहा. ५० ते १०० मायक्रोलिटर बफर, पिपेटने सावकाश वरखाली, फेस न आणता.

वाशीकर:
साका-निवळला +१. पण '१०,००० ने फिरवा' अशी वाक्यं दिसली तर खोडा. १०,००० काय, जी की फेरे? सूत्र: जी = १.११८ × १०⁻⁵ × त्रिज्या (सेंमी) × मिनिटाचे फेरे वर्ग. ८ सेंमी त्रिज्येला १,००,००० जीसाठी सुमारे ३३,४०० फेरे लागतात, ११ सेंमीला २८,५०० पुरतात. पहिल्या रोटरचे फेरे दुसऱ्याला लावलेत तर सुमारे १,३७,००० जी होतात. पुस्तिकेत जीच लिहा, सोबत रोटरचं नाव आणि त्रिज्या.

बॅलन्स ट्यूबला पासंगाची नळी.

कळवेकर:
पासंगात काटामारीची छटा नाही का?

वाशीकर:
'पासंगालाही पुरत नाही' म्हणताना कुठे येते? शिवाय हा शब्द वजनाकडे बोट दाखवतो, आणि इथे चूक तीच होते: मुलं नळ्या उंचीवरून जुळवतात. सीरम आणि पाणी सारख्या उंचीला सारख्या वजनाचे नसतात. काट्यावर ठेवा, समोरासमोरच्या नळ्यांत ०.१ ग्रॅमच्या आत फरक हवा. पातळ भिंतीची नळी काठापासून दोन-तीन मिलिमीटरपर्यंत भरलेली हवी, नाहीतर ती चेपते. झुलत्या रोटरच्या सगळ्या बादल्या लावायच्या, रिकाम्या असल्या तरी. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी एक ओळ: गार रोटरवर दव धरतं, ते पुसल्याशिवाय आत ठेवलात तर निर्वात व्हायला उशीर लागतो.

ऐरोलीकर:
छान. साइझ-एक्सक्लूजन कॉलमला 'चाळणस्तंभ' कसा वाटतो?

खारघरकर:
उलटा अर्थ होतो! चाळणीतून बारीक आधी पडतं, इथे मोठं आधी येतं. प्रथिनं मण्यांच्या छिद्रांत शिरून रेंगाळतात, पुटिका बाहेरून निघून जातात. 'आकारभेदी स्तंभ' म्हणा. सेफरोज सीएल-२बी मण्यांचा १० मिलिलिटर स्तंभ, त्यावर ०.५ मिलिलिटर रक्तद्रव, मग ०.५ मिलिलिटरने गोळा करत गेलं की पुटिका साधारण ९ ते १२ क्रमांकात उतरतात आणि प्रथिनांचा मोठा लोंढा त्यानंतर. नमुना मण्यांत पूर्ण मुरल्यावरच बफर ओता. स्तंभ कोरडा पडला तर भेगा पडतात, मग घटक एकमेकांपासून वेगळे होत नाहीत. कायलोमायक्रॉनसारखे रक्तातले मोठे मेदकण पुटिकांबरोबरच येतात, म्हणून मोजणीयंत्राचा आकडा 'इतके कण' असा लिहा, 'इतक्या पुटिका' नव्हे. यंत्र दोन्हींत भेद करत नाही.

कळवेकर:
त्या ०.५-०.५ ला हप्ते म्हणा. 'अंश' तापमानात अडकलेला आहे. आणि ॲलिक्वॉटला कोळणीच्या पाटीवरचा वाटा. हप्ते क्रमाने येतात, प्रत्येकात वेगळं काहीतरी असतं. वाटे सगळे सारखे. हा भेद एकदा कळला की मुलं ९ क्रमांकाचा हप्ता १५ मध्ये मिसळणार नाहीत.

ऐरोलीकर:
म्हणजे शीतकपाटात ठेवताना 'वाटे घाला'?

कळवेकर:
हो. एकेका प्रयोगाला पुरेल एवढाच वाटा, कमी चिकटणाऱ्या नळीत, उणे ८० अंशांना. वितळलेला वाटा परत गोठवायचा नाही. पुटिका फुटतात, एकमेकींना चिकटतात, आणि मोजणी घसरते. नळीवर पेशीचा प्रकार, तारीख आणि 'वाटा ३/१०' असं अल्कोहोलने न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहा, झाकणावर नको. झाकणांची अदलाबदल होते.