ईएपीतून घरच्यांसाठी मदत घेतली तर ऑफिसात कळतं का?

निळीशाई (पुणे)
कंपनीने ईएपी (एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय) सुरू केलंय. मेलमध्ये ‘पूर्णपणे गोपनीय, कुटुंबालाही लागू’ एवढंच लिहिलंय. प्रश्न नवऱ्याच्या दारूचा आहे, आणि तो कुठेही यायला तयार नाही. त्याच्याशिवाय मी एकटी जाऊ शकते का? १५ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई यांना चालतं का? एचआरला नाव जातं का?

जुना_एचआरवाला
नाव जात नाही. पण न जाताही फुटू शकतं. सेवा बाहेरची संस्था देते आणि कंपनीला ठरावीक काळाने आकड्यांचा अहवाल पाठवते: किती कर्मचारी, किती घरचे, कशा प्रकारचे प्रश्न. चाळीस माणसांच्या शाखेत ‘व्यसन, कुटुंबीय, १’ अशी ओळ छापली की नावाची गरजच उरत नाही. म्हणून संस्थेच्या हेल्पलाइनला नाव न सांगता आधी विचारा: अहवाल शाखेनुसार फोडता का? गट लहान असेल तर काय करता? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

बाकी गळती आपल्याच हाताने होते. कंपनीच्या लॅपटॉपवरून बुकिंग केलं की त्याची नोंद आयटीकडे राहते. ऑफिसच्या मेलवर सत्राचं आमंत्रण आलं की ते कॅलेंडरमध्ये बसतं, आणि कॅलेंडर बहुतेक वेळा अख्ख्या टीमला दिसतं! स्वतःचा मोबाइल, स्वतःचा मेल, स्वतःचा डेटा वापरा. ॲप कंपनीच्या लॉगिननेच उघडत असेल तर हेल्पलाइनला फोन करून नोंदणी करा. पुढे बाहेरच्या डॉक्टरांचं बिल कंपनीकडे परताव्याला लावलंत तर तेही गुपित राहत नाही.

समुपदेशक_ठाणे
एकटीने नक्की जा. व्यसनी माणूस यायला तयार नसताना सुरुवात बहुधा घरच्यांपासूनच होते.

सत्र साधारण ४५-५० मिनिटांचं, आणि कंपनी आणि संस्थेतल्या बहुतेक करारांत एका प्रश्नाला ३ ते ८ सत्रं. ही मोजणी माणशी आहे की घरटी, ते पहिल्याच फोनवर विचारून घ्या. घरटी असेल तर तुमची सत्रं संपेपर्यंत नवरा तयार झाला तरी त्याच्यासाठी काही उरत नाही. सासूबाईंचं करारावर आहे: काही ठिकाणी फक्त जोडीदार आणि मुलं, काही ठिकाणी एका घरात राहणारे सगळे. मुलासाठी पालकाची संमती लागेल, पण तो काय बोलला ते शब्दशः तुम्हाला सांगितलं जाणार नाही, हे आधीच मान्य करा.

एक गोष्ट मात्र ईएपीवर सोडू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. बाटल्या ओतून देऊ नका, ‘आजपासून बंद’ अशी शपथ घालू नका. आधी मनोविकारतज्ज्ञ गाठा. समुपदेशक औषध लिहून देत नाही. तुम्ही पुण्यात आहात, तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे, तिथे जा.

निळीशाई (पुणे)
मुलाने सांगितलं की बाबा मारतात, तर थेट पोलिसांत जातं का?

समुपदेशक_ठाणे
लैंगिक अत्याचाराची माहिती असेल तर पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवावंच लागतं, तिथे गोपनीयता चालत नाही. मारहाणीत धोका किती, हे आधी पाहिलं जातं आणि शक्यतो तुमच्याशी बोलून पुढचं ठरतं. जिवाला धोका दिसला तर थांबत नाहीत. संमतीपत्रात हे अपवाद लिहिलेले असतात, सही करण्याआधी तो परिच्छेद वाचा. तुमच्यासाठी १८१ (महिला हेल्पलाइन) आणि मुलासाठी १०९८ (चाइल्डलाइन) हे नंबर फोनमध्ये असू द्या.

कायदेकानू
पुरवणी. हे सगळं आपणहून गेल्यास. कामावर परिणाम झाला म्हणून मॅनेजरने पाठवलं तर हजेरी कळवण्याची संमती आधीच घेतात. त्यात ‘हजर होती’ याच्या पुढे काही लिहिलं असेल तर खोडायला सांगा. आणि मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मधलं गोपनीयतेचं कलम २३ मनोविकारतज्ज्ञ, नोंदणीकृत चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांच्यावर सरळ लागू होतं. साध्या समुपदेशकाच्या बाबतीत मुख्य भिस्त करारावर, त्यामुळे समोरच्याची पात्रता विचारायला लाजू नका. कंपनीशी अजिबात संबंध नको असेल तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस आहेच: १४४१६, चोवीस तास, मराठीतही.