पिवळ्या झग्याने घड्याच गिळल्या!

चिमुकलेरंग: आठ महिन्यांपासून २८ मिमीची मिनिएचर, म्हणजे चिमुकल्या मूर्ती, रंगवतेय. निळा, हिरवा, तपकिरी आता बरे जमतात, पिवळ्यापाशी मात्र गाडी अडते. परवा एका भालाइताचा झगा करायला घेतला. खाली काळा प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर), वर लख्ख पिवळा ॲक्रिलिक. पहिल्या हाताला झगा शेवाळी दिसला, म्हणून दुसरा दिला, मग तिसरा. पाचव्या हाताला पिवळा आला खरा, पण घड्या बुजल्या आणि पट्ट्याच्या बकलेच्या जागी नुसता उंचवटा उरला. चेहरा इतका मन लावून केलाय की टाकवत नाही. हे वाचेल का? आणि पुढच्या खेपेला काय करू?

ओलापॅलेट: पिवळा सगळ्यांनाच छळतो. बऱ्याच पिवळ्या रंगांचं रंगद्रव्य पारदर्शक असतं, खालचा काळा त्यातून डोकावतो आणि तुम्हाला दिसला तो शेवाळी रंग तयार होतो. मी एका निशाणावर तीनदा हात पोळल्यावर हे शिकलो. आता आधी यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळ्यात) पांढरा मिसळून दोन पातळ हात देतो. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड काळ्याला चांगलं झाकतं. त्यावर पिवळ्याचे दोन हात पुरतात. घड्यांच्या खोलात नारिंगी-तपकिरी घाला, काळा नको, त्याने पिवळा मळतो. उजळ कडांना हस्तिदंती घाला. नुसता पांढरा तिथे खडूसारखा दिसतो.

पण खरी गंमत ब्रश भरण्यात आहे. रंग घेतला की ब्रशचं पोट, म्हणजे केसांचा फुगीर भाग, टिश्यूला हलकेच टेकवा, टोक फिरवून जुळवा आणि अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढा. रेघ कडेच्या कातडीकडे पळाली तर पाणी जास्त, मध्येच तुटली तर रंग घट्ट. नखावर नीट उमटल्याशिवाय मी मूर्तीला हात लावत नाही. अजून एक, ब्रश जिथे उचलता तिथे रंग साठतो. म्हणून सावली करताना घडीच्या खोलाकडे ओढायचं, उजेड करताना कडेकडे. एवढी दिशा सांभाळली की छटा आपोआप विरतात.

आणि शून्य-शून्यचा (00 नंबरचा, अगदी बारीक) ब्रश बाजूला ठेवा. त्याच्या दोन-चार केसांत रंग मावतो केवढा, मूर्तीपर्यंत पोचेस्तोवर सुकतोसुद्धा. चांगल्या टोकाचा १ नंबर घ्या, डोळेही त्यानेच होतात.

मनगटटेकू: मूर्ती धातूची आहे की प्लास्टिकची? धातूची असेल तर झगा वाचेल. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून जवळजवळ कोरडी होईपर्यंत पिळा आणि फक्त झग्यावर फिरवा. रंग मऊ झाला की टूथपिकने घड्यांतून काढा. चेहरा वरच्या बाजूला राहील अशी मूर्ती धरा, म्हणजे ओघळ तिकडे जाणार नाही. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको. ॲसिटोन मात्र घेऊ नका, पॉलिस्टायरिन प्लास्टिकच्या मूर्ती त्यात विरघळतात, आणि सवय लागली की एखाद्या दिवशी चुकीच्या मूर्तीवर जाईल. ओलापॅलेट यांच्या म्हणण्यात एकच भर: दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवून रंगवा. हात थरथरले तरी मूर्ती आणि ब्रश सोबत हलतात.

चिमुकलेरंग: धातूचीच आहे. काल रात्री तासभर काड्या फिरवल्या. कोपरापाशी थोडा प्रायमर निघाला, तो ब्रशने भरला. पण बक्कल परत दिसली, तिची मधली सळईसुद्धा! चेहऱ्याला धक्का नाही. नखावर पहिल्या चार रेघा कडेला पळाल्या, पाचवी थांबली. आत्ता ऑकर-पांढऱ्याचा पहिला हात वाळतोय. डाव्या खांद्यावरच्या दोन घड्या मात्र अगदी जवळजवळ आहेत, मधल्या खाचेत ब्रश शिरतच नाही. तिथे पातळ वॉश (खाचेत आपोआप उतरणारा पाणीदार रंग) सोडू, की आधी खाच नारिंगी-तपकिरी करून कडा नंतर पिवळ्या करू?

ओलापॅलेट: आधी खाच. वॉश सोडलात तर सपाट भागावर डाग धरेल, आणि पिवळ्यावरचा डाग झाकायला पुन्हा तेवढेच हात लागतील.