वजन उतरलं, आता ते टिकवायचंय: गावाकडचे अनुभव सांगा

नमस्कार सगळ्यांना. मी कारंजा लाड तालुक्यातली, वय ४१, घरी शेती आहे आणि मी अंगणवाडीत काम करते. साडेतीन वर्षांआधी नागपूरले स्लीव्हचं, म्हणजे वजन उतरवायला पोट लहान करायचं ऑपरेशन झालं, ११८ किलोवरून ७३ वर आली, सध्या ७६ च्या आसपास. ऑपरेशन कसं झालं, किती टाके पडले हे सगळेच विचारतात, पण त्याच्यानंतर रोज सकाळी उठून काय खायचं, वावरात डबा कोणता न्यायचा, लग्नाच्या पंगतीत कसं बसायचं हे कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा काढला. ज्यांच्या ऑपरेशनला वर्ष, दोन वर्षं, जास्त झाली त्यांनी लिहा, चुकलं असेल ते आधी लिहा.

माझं सांगते. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा, कधी जास्तच, काढून टाकतात, उरते केळाएवढी नळी. भूक लावणारं घ्रेलिन हार्मोन जास्त करून त्या काढलेल्या भागात तयार होते, म्हणून पहिलं वर्ष भूकच नव्हती, आठवण ठेवून खावं लागे. दुसऱ्या वर्षी भूक हळूहळू परत आली तेव्हा मी लय घाबरली, वाटलं ऑपरेशन वाया गेलं. तसं नसते, भूक थोडी परत येतेच.

दवाखान्यातून जो कागद मिळाला त्यात ओट्स, ब्रोकोली, टोफू लिहिलं होतं. आमच्या आठवडी बाजारात यातलं एकही मिळत नाही. दोन महिने नवऱ्याला अकोल्याहून आणायला लावलं, मग आहारतज्ज्ञ मॅडमला फोन करून सरळ विचारलं की आमच्या घरी जे शिजते त्यातून दिवसाचं ६० ग्रॅम प्रोटीन कसं करू. त्यांनी फोनवरच हिशोब मांडून दिला, एका अंड्यात ६, पाव लिटर दुधात ८, ३० ग्रॅम कोरड्या सोयावडीत १५, मग घट्ट वरण, झुणका, दही. आता ताटात झुणका नाहीतर अंडं आधी, भाजी नंतर, भाकर सगळ्यात शेवटी, अर्धी चतकोर खाल्ली तर खाल्ली. जेवताना पाणी नाही, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास नाही.

पंगतीचं सांगते. पहिल्या वर्षी मामेसासऱ्यांकडे रोडग्यांचा कार्यक्रम होता, दोन घास घाईनं गिळले आणि छातीच्या मधात अडकलं, तोंडाला नुसती लाळ सुटली, उठून गोठ्यामागं गेली तेव्हा मोकळं झालं. सगळ्या बायांनी पाहिलं. तोवर घराबाहेर कोणाला सांगितलंच नव्हतं. गावात कसं आहे, बाई भरभर बारीक झाली की टीबी म्हणतात, शुगर म्हणतात, त्याहून वाईट पण म्हणतात, माझ्या सासूबाईंना विहिरीवर विचारलं होतं की सुनेला कोणती बिमारी लागली. त्या दिवशी गोठ्यामागून परत आली आणि मामीजींना सगळं सांगून टाकलं. तेव्हापासून त्यांच्याकडे गेली की माझ्यासाठी वाटीत वरण वेगळं काढून ठेवतात.

तुमचं लिहा.

—

पांढरकवडा तालुका, कापूसवाला, पोटाचा बायपास (वजनासाठीचा), ५ वर्षं

ताई बरं केलं तुम्ही. मी १४२ चा ८९ झाल्तो, आता ९३ हाये. शुगरच्या चार गोळ्या होत्या त्या सुटल्या, बीपीची अर्धी राह्यली. पण माही चूक लिहितो, कोणाच्या तरी कामी पडन.

आमच्याइकडे खर्रा (तंबाखू-सुपारीचा) कसा चालते ते सगळ्यायले माहीत हाये. डॉक्टरनं बजावून सांगतलं होतं का बायपासमंदी लहान पोट आतडीले जोडलेलं असते, त्या जोडावर तंबाखूनं, बिडीनं आन दुखण्याच्या गोळ्यायनं जखम होते. ऑपरेशनआधी सहा महिने सोडला, नंतर दोन वर्षं शिवला नाई. तिसऱ्या वर्षी डवरणीच्या टाइमले भाऊबंदाच्या संगतीनं पुन्हा सुरू, दिवसाले चार पुड्या, मधात मधात बिडी. त्यात गुडघा दुखे म्हणून गावच्या डॉक्टरकडून आठ दिवस दुखण्याची गोळी घेतली, वरतून इंजेक्शन पण. त्यायले मी ऑपरेशनचं सांगतलंच नव्हतं, त्यायचा काय दोष. एक दिवस संडास डांबरावानी काळी झाली, चक्कर येऊन धुऱ्यावरच बसलो. दुर्बीण टाकून पाह्यलं तं जोडावर अल्सर. रक्त चढवलं, ॲसिडच्या गोळ्या आन पातळ औषध मिळून चार महिने चाललं.

तेव्हापासून खर्रा बंद म्हणजे बंद. गुडघ्याले पॅरासिटामॉल घेतो, शेक देतो. मोबाईलच्या कव्हरमागं चिठ्ठी ठेवली हाये, पोराच्या हातानं लिहून घेतली: पोटाचा बायपास झालेला आहे, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन देऊ नये. आता कोणत्याबी डॉक्टरकडे गेलो का आधी ते दाखवतो मंग पोट दाखवतो.

—

आर्वीकडचा आहे. ऑपरेशन माझं नाही, आईचं. तरी लिहितो, कारण हे कोणालाच माहीत नसते.

आईचं वय ५३, स्लीव्ह झालं, घरी आली, पहिले पंधरा दिवस चांगलं होतं. मग उलट्या सुरू झाल्या. पाणी पोटात राहीना. आम्हाला वाटलं ऑपरेशननंतर असं होतच असेल, नागपूर लांब, सोयाबीन काढणं चालू, गाडी मिळत नव्हती, म्हणून गावातच सलाईन लावली. दहा दिवसांत पाच का सहा बाटल्या, सगळ्या ग्लुकोजच्या. लावली की तेवढा वेळ बरं वाटायचं. मग आई म्हणू लागली पायात मुंग्या येतात, मग चालताना भिंत धरायला लागली, एक दिवस म्हणाली मला तुम्ही दोन दोन दिसता. त्या रात्री गाडी केली.

तिथं डॉक्टरांनी पाहताच विचारलं की उलट्या किती दिवस आहेत आणि व्हिटॅमिन बी१ दिलं का. बी१ म्हणजे थायमिन, शरीरात त्याचा साठा दोन तीन आठवड्यांपुरताच असतो, सतत उलट्या झाल्या की संपतो, आणि तशात नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं पण वापरून टाकते आणि मेंदूवर, नसांवर परिणाम होतो. शिरेतून थायमिनची इंजेक्शनं सुरू केली. डोळे दोन तीन दिवसांत सुधारले, पाय नाही सुधारले लवकर. सहा महिने काठी घेऊन चालली. उलटीचं कारण पण नंतर कळलं, नळी एका जागी अरुंद झाली होती, ती फुग्यानं रुंद केली.

माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे की ऑपरेशननंतर उलट्या दोन तीन दिवसांच्या वर गेल्या तर गावात सलाईन लावून वाट पाहू नका, जिथं ऑपरेशन झालं तिथं फोन करा, आणि सलाईन लावायचीच वेळ आली तर आधी थायमिन द्या असं लावणाऱ्याला सांगा. आम्ही फोनसुद्धा केला नव्हता, त्याचं मला आजही वाईट वाटते.

—

मेहकर, जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, बायपासला सहावं वर्ष

वरचं वाचून सुन्न झालो. माझा विषय साधा आहे पण बऱ्याच जणांचा असेल, वजन परत वाढण्याचा.

१३१ चा दीड वर्षात ८२ झालो, तोच सगळ्यात कमी आकडा. चौथ्या वर्षी ९४. जेवण तेवढंच होतं हो, मोठं जेवण तर आजही होत नाही, पण शाळेत सकाळी चहा-टोस्ट, मधल्या सुट्टीत चहा, स्टॅंडवर कोणी भेटलं की आलूबोंडा अर्धा आणि परत चहा, घरी आलं की चिवडा. आहारतज्ज्ञांनी तीन दिवसांचं सगळं लिहायला लावलं तेव्हा कळलं की दिवसाला बारा वेळा तोंड चालते आणि सहा कप चहात दोन दोन चमचे साखर. पातळ आणि कुरकुरीत वस्तू त्या लहान पोटातून सरकून जातात, पोट भरल्याची जाणीवच देत नाहीत. घट्ट वरण, उसळ, अंडं हे थांबतात. पहिल्या दीड वर्षानंतर थोडं वजन परत येणं सामान्य आहे असं डॉक्टर म्हणाले, तीन चार किलोत घाबरू नका, पण मी बारा केले होते. आता बिनसाखरेचा दोनदा चहा, खायच्या वेळा ठरलेल्या, आणि रविवारी सकाळी काटा. ८८ वर स्थिर आहे दीड वर्ष.

दुसरं, महालक्ष्म्यांचं जेवण. पुरणपोळी एक सबंध खाल्ली, वरून आंबील. अर्ध्या तासात धडधड आणि घाम झाला नाही म्हणून वाटलं चाललं. दीड तासानं आरतीला उभा होतो, हातपाय थरथरायला लागले, बोलता येईना. बायकोनं मशीन लावली तर शुगर ५१. गोड भसकन आतड्यात उतरते, शुगर एकदम चढते, इन्सुलिन जास्त सुटते आणि मग ती धाडकन खाली येते, याला उशिराचं डम्पिंग म्हणतात. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात दिली आणि सावरल्यावर मूठभर शेंगदाणे खाल्ले. आता प्रसाद म्हणून पुरणाचा लिंबाएवढा गोळा, तोही कढी-वरण खाऊन झाल्यावर.

—

सरांचं वाचलं. मी वरूडची, संत्र्याचा बगीचा आहे आमचा. चौथ्या महिन्यात केस मुठीमुठीनं गेले, दहाव्या महिन्यात परत यायला लागले, एवढंच सांगायचं होतं की ते येतात, रडू नका. आणि संत्रा खा पण रस पिऊ नका, रसानं मला सरांसारखंच झालं होतं.

कॅल्शियमची गोळी घेताना डब्यावर वाचा, सायट्रेट पाहिजे. मेडिकलवाला कार्बोनेट देतो कारण ते स्वस्त असते, पण त्याला पचायला पोटातलं ॲसिड लागते आणि आपल्याकडे ते कमी. लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तास अंतर, आणि लोहाच्या गोळीवर चहा तर अजिबात नको. मी वर्षभर सकाळी चहासोबतच घेत होते, हिमोग्लोबिन ७.८ झालं, शेवटी शिरेतून लोह घ्यावं लागलं.

—

ब्रह्मपुरी तालुका, वय २७

माझं बायपास पीसीओएसमुळे (पाळी अनियमित करणारा हार्मोनचा त्रास) आणि वजनामुळे लग्नानंतर झालं. १०९ होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की निदान १२ ते १८ महिने बाळ नको, वजन भराभर उतरत असताना बाळाला पुरेसं मिळत नाही. आणि पाळी नियमित झाली की दिवस लवकर राहू शकतात, बायपासनंतर गोळ्यांवर भरवसा ठेवू नका, म्हणून तांबी बसवली. घरी सासूबाईंना हे पटवायला जितका त्रास झाला तितका ऑपरेशनचा नाही झाला. नणंदेनं साथ दिली, खरंच तिच्यामुळे झालं.

दोन वर्षांनी दिवस राहिले. उपकेंद्रात सिस्टरनी सगळ्यांसारखं मलाही ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी आणून दिलं, मधुमेह तपासायला. मी अर्धा ग्लास प्याले आणि पोटात कळ, घाम, डोळ्यापुढं अंधार, तिथंच बाकावर आडवी झाले. सिस्टर बिचाऱ्या घाबरून गेल्या. बायपासवाल्या बाईला ती तपासणी सोसत नाही, त्याच्याऐवजी आठवडाभर घरी मशीनवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर शुगर मोजून लिहून ठेवतात. आमच्या आशाताईंनी मशीन मिळवून दिली आणि रोज संध्याकाळी स्वतः येऊन वहीत आकडे उतरवले. बी१२ चं इंजेक्शन, लोह, फॉलिक ॲसिड, कॅल्शियम सगळं चालू होतं, दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी. मुलगी २ किलो ७०० ची झाली. आता सव्वा वर्षाची आहे.

ज्या बहिणी गरोदर असतील त्यांनी ग्लुकोजचा ग्लास हातात घेण्याआधीच सांगा.

—

चंद्रपूरकडून

उन्हाळ्यावर कोणी लिहिलं नाही. आमच्याकडे मे महिन्यात ४५, ४६ जाते. पहिले तांब्याभर पाणी एका दमात प्यायचो, आता चार घोटांच्या वर एकदम जात नाही आणि जेवताना प्यायचं नाही, म्हणून दिवसाचं दोन अडीच लिटर भरणार कधी? दुसऱ्या उन्हाळ्यात मुतखडा झाला. आता लिटरच्या बाटलीवर मार्करनं रेघा मारल्या आहेत, दहा वाजता पहिली रेघ, अकराला दुसरी, असं. बाटलीला ओलं फडकं गुंडाळून ठेवतो. दुपारी पातळ मठ्ठा, मीठ-जिरं घालून.

आणि लोंबणारी कातडी. ५८ किलो उतरल्यावर पोटाची झोळ मांडीवर येते, घामानं तिथं लाल होते, खाजते, वास येतो. याच्यावर माणसं बोलत नाहीत, बायकोपाशीसुद्धा लाज वाटते. मी मेडिकलमधून एक खाजेचं मलम आणून दोन महिने लावलं, त्यात स्टेरॉइड होतं, गजकर्ण जांघेपर्यंत पसरलं. त्वचेच्या डॉक्टरांनी ते बंद करून नुसती बुरशीची औषधं दिली. आता आंघोळ झाल्यावर तो भाग पूर्ण कोरडा करतो आणि जुन्या धोतराची सुती पट्टी घडीत ठेवतो, दिवसातून दोनदा बदलतो. एवढ्यानं नव्वद टक्के काम झालं.

—

धागा काढणारी मीच. तीन दिवस कपाशीची वेचणी होती म्हणून लिहायला जमलं नाही, आज सगळं शांतपणे वाचलं. वरूडच्या ताईंचं वाचून उठली आणि डबा पाहिला, कार्बोनेटच निघालं, दोन वर्षं तेच घेते आहे. उद्या बदलून आणते आणि कॅल्शियम, डी, बी१२ सगळं तपासून घेते. पांढरकवड्याच्या भाऊंसारखी चिठ्ठी आज मुलीकडून लिहून घेतली, खाली थायमिनची ओळ पण टाकली. एक माझ्या पर्समध्ये, एक सासूबाईंच्या पिशवीत, आणि एक आमच्या आशाताईंना दिली.

आर्वीच्या दादा, आई आता कशी आहे ते लिहा.

—

ताई, आई बरी आहे. वजन ७१. काठी अजून सोबत असते पण वावरात एकटी जाते. काल तुरीच्या ओल्या शेंगा ओटीत भरून आणल्या आणि सोले काढत बसली होती.