मोसुलचे ३९ मजूर : चार वर्षं आशेवर ठेवणं बरोबर होतं का?

रामबागवाला: काल पोह्यांच्या ठेल्यावर पुन्हा हाच वाद. जून २०१४ मध्ये इसिस या अतिरेकी संघटनेनं इराकच्या मोसुलमधून ४० भारतीय मजूर पळवले. एकटा निसटून आला, म्हणाला, बाकीच्यांना माझ्यासमोर गोळ्या घातल्या. त्याचं खरं धरलं नाही. आपल्या मध्य प्रदेशातल्या विदिशाच्या खासदार सुषमाताई स्वराज तेव्हा परराष्ट्रमंत्री होत्या. ते जिवंत असल्याची माहिती मिळतेय, असं सांगत राहिल्या. मार्च २०१८ ला राज्यसभेत कळलं की सगळे गेले. घरच्यांना तर टीव्हीवरून! ही मुत्सद्देगिरी म्हणायची?

महूकर: भिया, एका माणसाच्या शब्दावर ३९ जणांना मेलेले ठरवायचं? मोसुल इसिसच्या ताब्यातून सुटलं जुलै २०१७ मध्ये. त्याआधी तिथे शोधणार कोण? नंतर तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंग स्वतः गेले, मोसुलजवळच्या बादूशच्या टेकडीत रडारनं प्रेतं शोधली, डीएनए जुळवले. आणि २०१४ मध्येच इराकच्याच तिकरीतहून ४६ भारतीय नर्सा सुखरूप आणल्या, ते कसं विसरता?

रामबागवाला: नर्सांचं श्रेय देतोच. पण त्यांच्याशी फोनवर बोलणं चालू होतं. मजुरांचा आवाज शेवटचा कधी ऐकला, हे तरी सांगायचं होतं. 'माहिती मिळतेय' म्हणजे कोणाकडून?

आत्याचा_भाचा: मी तिसरंच बोलतो. आमचा आतेभाऊ एजंटमार्फत आखातात गेला आणि पाच महिने गायब. (आला परत, हडकुळा होऊन.) तेवढ्यात घरात भांडण कशावरून? रेशनकार्डावरचं त्याचं नाव कमी करायचं की नाही! आत्या कार्ड ब्लाउजात खोचून फिरायची. बेपत्ता माणूस सात वर्षं सापडला नाही तरच कायदा त्याला मृत धरतो. तोवर विमा अडकतो, बँक अडकते. जिवंत म्हणा की मेलेले, मधल्या काळात घर कसं चालवायचं ते बोला. मोसुलवाल्यांना दहा लाख जाहीर झाले ते २०१८ मध्ये, अस्थी आल्यावर.

महूकर: हे पटलं. पण एजंटचं बोला ना! त्या ४० जणांची वकिलातीत नोंदच नव्हती. सरकार शोधणार कुठे?

रामबागवाला: नोंद नव्हती म्हणून घरच्यांना दरमहा मदतही द्यायची नाही? आणि सुषमाताई म्हणाल्या तसा आधी संसदेला सांगायचा नियम असेल, तर भाषणाआधी अर्धा तास ३९ घरी फोन लावायला कोणता नियम आड आला?

महूकर: ३९ फोन, आणि तिसऱ्यालाच बातमी टीव्हीवर. मग म्हणशील, आमच्या घरी सगळ्यात शेवटी का कळवलं.