पहिला परदेश प्रवास: तयारी कशी केलीत, काय राहून गेलं?

पडवीतली_सुपारी
आज दुपारी पोस्टमन शेजारच्या काकूंचा पासपोर्ट देऊन गेला. वय ६३, मुंबईपलीकडे कधी गेलेल्या नाहीत. मुलगा सिंगापूरला असतो, त्यानं दिवाळीला बोलावलंय. काकू ओले हात पदराला पुसत आमच्या पडवीत आल्या. एकेक कोरं पान उलटून बघत म्हणाल्या, "अगो, आता पुढे काय करायचं असतं?"

मला आमचा २०२३ चा डिसेंबर आठवला. आम्ही दोघं, दोन मुलं, व्हिएतनाममधलं हनोई. कुठं काय बघायचं याची वही भरली होती. तिकिटावर मात्र १२ डिसेंबर, ००:२५ असं होतं आणि ते आम्ही चौघांनीही '१२ च्या रात्री' असं वाचलं. चिपळूणहून गाडीची तिकिटंही १२ तारखेची काढली. १० तारखेला ऑनलाइन चेक-इन उघडल्याचा मेसेज आला तेव्हा भावजींच्या लक्षात आलं, की विमान ११ च्या रात्री आहे! दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मुंबई गाठली. माणगावपर्यंत मी कुणाशी बोलले नाही, नुसती घड्याळ बघत होते.

दुसरी गोष्ट हॉटेलची. बुकिंग १२ तारखेपासूनचं. हनोईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं, उतरलो तेव्हा तिथं पावणेसात वाजलेले आणि खोली मिळणार दुपारी दोनला. हनोईत डिसेंबरात सकाळी स्वेटर लागतो, आमचे बॅगेच्या तळाशी. धाकटा खुर्चीत झोपला, त्याच्या अंगावर माझी ओढणी. खोली ११ च्या रात्रीपासून घेतली असती तर थेट गादीवर पडलो असतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी पहिले चोवीस तास कागदावर मांडा. घरातून निघणं, विमानतळ, उतरणं, पैसे, गाडी, गादी. देवळं आणि बाजार नंतर बघू.

तुमचं काय काय झालं ते लिहा. काकूंना वाचून दाखवणार आहे.

रापणीचो_झील
माज्या आयेन भावाक म्हणान सुक्या खोबऱ्याची पिशी भरून दिल्यान. मुंबई विमानतळार बॅग उघडूक लायली नि खोबरां काढून घेतला. तेल जास्त म्हणान तां पेटणाऱ्या मालात धरतत. नारळ तिना सोताच फोडून खळ्यात सुकत घातल्ले. आयेक अजून सांगूक नाय.

हापूसवाली
सांगू नकोस रे. वाचूनच पोटात तुटलं.

कातळसडा
खोबऱ्यावरून आठवलं, खसखस!! आखाती देशात जाणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. यूएईत खसखस बंद आहे, अमली पदार्थांच्या कायद्यात येते. आपल्या मालवणी मसाल्यात ती असतेच. बहिणीनं दुबईला निघताना दोन किलो मसाला भरला होता. आदल्या रात्री भावजींचा फोन आला म्हणून पाकीट बाहेर काढलं. मसाला घरचा, त्यावर ना लेबल ना काही, तिथं कुणाला काय समजावणार? सिंगापूरलाही खसखस चालत नाही, काकूंना नक्की सांगा. च्युइंगगमही नको.

पडवीतली_सुपारी
अगं बाई! काकू मुलासाठी अनारसे करून नेणार आहेत. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते.

खाडीपल्याड
माझे बाबा सातवीपर्यंत शिकलेले, त्यामुळे पासपोर्टवर ईसीआर (म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा शेरा) आलं. मलेशियाला न्यायचं ठरवलं तर इथल्या एका एजंटानं "क्लिअरन्स लागेल, साडेतीन हजार द्या" म्हणून घाबरवलं. बाबा म्हणाले, "राहू दे, मी नाय येत, तुमचा खर्च नको." दोन दिवस जेवले नाहीत नीट. चौकशी केल्यावर कळलं, ती परवानगी ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांना लागते. फिरायला जाणाऱ्याला परतीचं तिकीट, आणि व्हिसा लागत असेल तर तो, एवढं पुरतं. आम्ही गेलो. इमिग्रेशनच्या साहेबांनी परतीचं तिकीट बघितलं, शिक्का मारला. बाबांनी तो शिक्का वाडीतल्या प्रत्येक घरी दाखवला. तुमच्या आईवडिलांना कुणी असं घाबरवत असेल तर आधी खात्री करा, कृपा करून.

भाताचं_खाचर
बाबांसाठी खूप आनंद झाला.

हापूसवाली
मुलांचे पासपोर्ट बघा सगळ्यांनी. मोठ्यांचा १० वर्षं, लहानांचा ५ च वर्षं. आमचे सगळ्यांचे एकत्रच काढलेले, म्हणून संपतील एकत्रच असं गृहीत धरलं होतं. लेकीचा चार महिन्यांत संपत होता आणि बऱ्याच देशांना प्रवासाच्या तारखेपुढं सहा महिने शिल्लक लागतात. तत्काळमध्ये २००० जास्तीचे भरून नवा काढला. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय

उधाण_भरती
हवामानाबद्दल कुणीच नाही लिहिलं. बागायतदार माणूस आंबा संपल्यावरच मोकळा, म्हणून आम्ही जुलैत थायलंडच्या क्राबीला गेलो, तिकिटंही स्वस्त होती. तो किनारा अंदमान समुद्राचा, नैर्ऋत्येचा तोच पाऊस तिथंही येतो. किनाऱ्यावर लाल बावटे, बेटांच्या बोटी दोन दिवस बंद. आपण पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवणारी माणसं, समुद्राचा रंग बघूनच मी बायकोला म्हटलं की आज नाही जायचं. पावसाळ्यातच सुट्टी मिळत असेल तर बाली बघा, विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर तिथं कोरडा काळ. फक्त साधारण मार्चमध्ये त्यांचा न्येपी हा मौनाचा सण असतो, त्या दिवशी विमानतळसुद्धा चोवीस तास बंद.

भाताचं_खाचर
पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकही वेगळं असतं हे विसरू नका. गाड्या सावकाश चालतात. विमान असेल तर एक दिवस आधीच मुंबई गाठा, ठाण्याला मावशीकडे मुक्काम करा.

खाडीपल्याड
आणि गणपतीच्या आठवड्यात तर मुंबईकडची तिकिटं विसराच. वेटिंग १८० होतं गेल्या वर्षी.

भाताचं_खाचर
गणपतीत घर सोडून जाणार कोण? 😀

शिंपल्यांची_माळ
पैशांचं लिहिते, दुकानात गिऱ्हाईक नाही तोवर. नवीन कार्डावर परदेशातला वापर बंदच असतो, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आपण चालू करायचा. हे इथंच करून जा, कारण तिकडे ओटीपी येईलच असं नाही. दुसरं, दुकानातलं मशीन विचारतं की रुपयांत घेऊ की तिथल्या चलनात? नेहमी तिथलं चलन दाबा. रुपये निवडले की ते त्यांच्या मनाचा भाव लावतात.
व्हिएतनामची २०,००० आणि ५,००,००० ची नोट, दोन्ही निळ्या, प्लास्टिकच्या, रात्रीच्या उजेडात एकसारख्या दिसतात. मी नारळपाणीवालीला मोठी नोट दिली. ती माझ्यामागं धावत आली, नोट माझ्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली. तिचं तोंड अजून डोळ्यांसमोर आहे. पुढच्या दिवसापासून मोठ्या नोटा पर्सच्या वेगळ्या कप्प्यात.

रापणीचो_झील
बरी माणसां सगळीकडे असतत.

कातळसडा
काकूंच्या कागदांवर माहेरचं-सासरचं नाव जुळतंय ना तेवढं बघा. माझ्या आईच्या आधारवर 'सुलोचना', पासपोर्टवर 'सुलोचनाबाई' होतं. व्हिसा आणि तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव अक्षर न् अक्षर हवं. औषधांच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. पॉवर बँकही हातातच, खालच्या (चेक-इनच्या) बॅगेत चालत नाही.

पडवीतली_सुपारी
नाव जुळतंय, मघाशीच बघितलं. व्हिसाचं मुलगा तिथून बघतोय. शिवाय सिंगापूरचं एक अरायव्हल कार्ड असतं, पोचायच्या तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं, सरकारी साइटवर फुकट आहे. ते मी भरून देणार. काकूंनी विचारलंय, कोकमाचं आगळ नेता येईल का?

हापूसवाली
आले परत. आगळ पातळ, हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर नाही. त्यापेक्षा सुकी आमसुलं द्या. नीट पॅक करून खालच्या बॅगेत.

पडवीतली_सुपारी
सांगितलं. आणि अनारशांचं पीठ त्या पहिल्यांदाच खसखशीशिवाय थापणार आहेत. कशावर थापू विचारतायत.

शिंपल्यांची_माळ
तिळावर थापा. आमच्याकडे आजी तशीच करायची, जाळी छान पडते. तूप मंद ठेवा.

भाताचं_खाचर
उलटायचे नाहीत, वरून झाऱ्यानं तूप उडवायचं.

पडवीतली_सुपारी
काकू म्हणतात, आधी चार करून बघते. तांदूळ भिजत घातलेत आज, तीन दिवस लागतील.