झाडाच्या पाटीवर ‘गण’ लिहावं की नाही?

वावरातली_बाई
वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत झाडांना पाट्या लावणं सुरू आहे. जाती, प्रजाती, कुल इथवर निभावलं. काटेसावरीच्या पाटीच्या कच्च्या कागदावर मी ‘गण : माल्व्हेलीझ’ लिहिलं, तर पंचायत समितीचे एक सदस्य वाचून म्हणाले, “मॅडम, हा गण कोणत्या सर्कलात येते?” पोरं खो-खो हसली. हसू द्या, पण आमच्या सातवीच्या पोरांना गण म्हणजे निवडणुकीचाच गण माहीत. दुसरा शब्द आहे का? पेंटर शनिवारी येणार आहे.

जुना_मास्तर
आहे तोच ठेवा. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड पाठ्यपुस्तकातली आहे. पत्रिकेत गण जुळवतात, वृत्तात गण पाडतात, आवर्तसारणीच्या उभ्या रांगेलाही गणच म्हणतो. तिथं कुणी सर्कल विचारत नाही.

ठेचा_भाकर
मास्तर, बरोबर हाय तुमचं. पन पेपरवाले सगळ्यात खालच्या पायरीले ‘प्रजाती’ लिहितेत, पुस्तकात तीच पायरी ‘जाती’. पोरानं कोनाचं आयकावं?

जुना_मास्तर
पुस्तकाचं. पेपरातली प्रजाती हिंदीतून आली.

ठेचा_भाकर
हिंदीतून आलं म्हनून वापस पाठवाचं काय? मंग आमच्या नागपुरात बोलनंच बंद होईन.

गोतावळा
‘गोत’ का नको? गणगोत हा शब्द आपलाच. एका गोत्रात अनेक कुळं असतात, तशी एका गणात अनेक कुलं. माल्व्हेलीझ म्हणजे ‘भेंडीचं गोत’. आजीलाही कळेल.

जुना_मास्तर
म्हणजे उद्या विचारतील, सगोत्र चालतं का?

ठेचा_भाकर
चालते न! सुरतेचं एच-फोर, १९७० सालचं, कपाशीचं पह्यलं संकरित वाण. मायबाप दोघंही एकाच जातीचे. गोत्र सोडा, भावकीतच लगन.

रत्नांग्रीकर
‘भेंडी’ म्हणजे तुमची भाजीची भेंडी ना? आमच्याकडे भेंडी म्हणजे खाडीकाठचं झाड, पिवळ्या फुलांचं. भाजीपाल्यावरून अख्ख्या कुलाचं नाव ठेवलं कुणी?

माळावरचा
माल्व्हेलीझ हा शब्दच मुळात आपल्या ‘माळवं’वरून गेलेला दिसतो. माळवं म्हणजे भाजीपाला, आणि भेंडी-अंबाडी भाज्याच.

सरकी
नाही हो. लॅटिनमध्ये ‘माल्व्हा’ नावाची एक रानटी भाजी आहे, तिच्यावरून. तिच्या फुलाच्या रंगाला फ्रेंचांनी ‘मोव्ह’ म्हटलं. माळव्याशी संबंध लावायचा तर मोहाचाही लावा, ‘मोव्ह’ म्हणजे मोहाचं फूल!

माळावरचा
नसेल पटत तर सोडा. भाजी तर भाजीच निघाली ना?

सरकी
बाईंचा प्रश्न बाजूलाच राहिला. बाई, बाकी पाट्यांवर गण नसला तरी चालेल, सावरीच्या पाटीवर मात्र हवाच. माझे वडील म्हणायचे, “काटेसावर न् सोनसावर नात्यातल्या हायेत.” मी वनस्पतिशास्त्र शिकून आले आणि त्यांना सुनावलं, नुसतं नावाचं साम्य आहे, काटेसावर शाल्मली कुलातली, सोनसावर वेगळ्या कुलातली. ते काही बोलले नाहीत, विडी पेटवली. पुढे १९९८ पासून डीएनए बघून वर्गीकरण नव्यानं मांडलं गेलं. शाल्मली कुल, कुलूचं कुल, धामण-फालशाचं कुल, सगळी भेंडी कुलात विलीन झाली. सोनसावर गेली शेंदरीच्या कुलात. पण गण दोघींचा एकच. २०१६ च्या मांडणीत या गणात १० कुलं आहेत. सालवृक्ष त्यात आहे, तुमच्या शाळेतली सिंगापूर चेरीही त्यातच. आणि शेजारचा गण कुणाचा? मोहरीचा.

ठेचा_भाकर
म्हंजे बुढा बरोबर होता.

सरकी
अर्धा.

गोतावळा
दोन्हींना कापूस येतो, म्हणून म्हणाले असतील.

जुना_मास्तर
सावरीच्या बोंडातल्या त्या पदार्थाला कापूस म्हणणं चूक आहे. कापूस कपाशीचाच.

वावरातली_बाई
आमच्याकडे सगळे सावरीचा कापूसच म्हणतात. आईनं त्याच्या उशा भरल्या होत्या. बोंड उकललं की काळं बी आपोआप खाली गळायचं, परातीत टपटप वाजायचं. पऱ्हाटीच्या बोंडाचं तसं नाही. सरकीपासून रुई ओढता ओढता नखं दुखतात.

सरकी
कारण कपाशीचा धागा बियांच्या सालीवर उगवतो, एक धागा म्हणजे एकच लांबलेली पेशी. म्हणून जिनिंग लागतं. काटेसावरीचा येतो फळाच्या भिंतीच्या आतल्या बाजूनं, बी मोकळंच. आणि गंमत म्हणजे सोनसावरीचा पुन्हा बियांवर. कापूस बघून नातं लावलं तर सोनसावर कपाशीच्या घरची आणि काटेसावर परकी ठरेल, आहे नेमकं उलटं. नातं हे असल्या कापसावरून लागत नाही.

जुना_मास्तर
म्हणजे मीच बरोबर.

सरकी
शब्दाबद्दल नाही, मास्तर.

माळावरचा
हा गण मुळात कुठला? कपाशी अमेरिकेतून आली म्हणतात.

सरकी
आज वावरात आहे ती अमेरिकन, गावराणी आपलीच. पण गणाचं वय कपाशीवरून मोजू नका. नागपूरजवळ माहुरझरीला लाव्हाच्या थरांमधल्या दगडात धामणीच्या जवळचं लाकूड सापडलं आहे, त्या जीवाश्माला नावही माहुरझरीवरूनच मिळालं. लाव्हाचा तो काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. आणि गुजरातेतल्या लिग्नाइटच्या खाणीत मिळालेली ५ कोटी वर्षांची राळ सालाच्या कुलातल्या झाडांची आहे.

ठेचा_भाकर
माहुरझरीले आमची सासुरवाडी. मनी वेचाले लोक येतेत तिथं, लाकूड कोनी नाही सांगतलं.

वावरातली_बाई
शनिवार होऊन गेला. तुमचं चालू होतं तोवर पेंटरनं पाटी रंगवून टाकली. ‘गन : भेंडी’.

जुना_मास्तर
ण! ण!!

ठेचा_भाकर
आता पोट्ट्यायले समजलं.