वॉशिंग्टन राज्यातील ड्राय फॉल्स आणि आपला काळा पाषाण

माळावरचा मास्तर, सोलापूर : आपल्या काळ्या जमिनीखाली लाव्हाच्या थरांचा जसा कातळ आहे, तसाच तो अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागातही आहे, असे मी वर्गात शिकवतो. मात्र तेथील ग्रँड कूली या खोल दरीची छायाचित्रे पाहून मुले विचारतात की, खडक एकाच जातीचा असताना तिकडे खोल घळी आणि पाणी नसलेला प्रचंड धबधबा, आणि आपल्याकडे सपाट माळ, असे का? शिवाय ग्रँड कूली हे ‘राष्ट्रीय नैसर्गिक स्थळ’ आहे, म्हणजे ती जमीन सरकारने संपादित केली आहे काय?

कातळवाट : सर, दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तर कोलंबिया पठारावरचा बहुतांश लाव्हा १.७ ते १.५ कोटी वर्षांपूर्वीचा. परंतु फरक पडला तो पुरांमुळे. हिमयुगाच्या अखेरीस मोंटाना भागात बर्फाच्या बांधामागे मिसूला नावाचा तलाव साचला होता, ज्यात दोन हजार घनकिलोमीटरहून अधिक पाणी, म्हणजे ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफूट) उजनी धरणाच्या निदान सहाशे पट, मावत असे. तो बांध पुनःपुन्हा फुटला आणि प्रत्येक वेळी काही दिवसांत वाहून गेलेल्या पाण्याने भेगाळलेल्या बेसॉल्टचे (म्हणजे याच काळ्या लाव्हा-पाषाणाचे) खांबच्या खांब उपटून नेले. सुमारे १२० मीटर उंच आणि साडेपाच किलोमीटर रुंद असलेला ड्राय फॉल्स त्यातूनच घडला. जे. हार्लेन ब्रेट्झ यांनी १९२३ मध्ये महापुराची ही कल्पना मांडली, तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिकांनी ती झिडकारली होती; त्यांना भूविज्ञानातले मानाचे पेनरोज पदक मिळाले ते थेट १९७९ मध्ये! भीमा-सीनेच्या खोऱ्यांना असा पूर कधी लाभला नाही (सुदैवानेच म्हणावे).

सातबारा : दुसऱ्या प्रश्नाविषयी. १९६२ मध्ये सुरू झालेल्या ‘राष्ट्रीय नैसर्गिक स्थळ’ योजनेची नोंद तेथील राष्ट्रीय उद्यान सेवा ठेवते, परंतु नोंदीमुळे मालकी बदलत नाही. जमीन खासगी, राज्याची किंवा केंद्राची राहू शकते आणि खासगी मालकाचे सहकार्य ऐच्छिक असते. ग्रँड कूली आणि अश्मीभूत लाकडांसाठी प्रसिद्ध असलेले गिंको वन यांची नोंद १९६५ ची आहे. ड्राय फॉल्सला मात्र राज्य उद्यानाचे वेगळे संरक्षण आहे, म्हणून नुसत्या ‘नैसर्गिक स्थळ’ या पाटीवरून मुलांनी कायद्याचा अंदाज बांधू नये.

कातळवाट : वर्गासाठी त्याच राज्यातील ड्रमहेलर चॅनल्सचीही छायाचित्रे घ्यावीत, तेथे खांब आणि पुराने कोरलेल्या वाटा एकाच चौकटीत दिसतात.